पाट्यांची डबी: ‘गोटूसोशल’ घरी चालवून १३ महिने

सध्या माझ्या सोशल मीडियावर विरजणाचं भांडं ठेवलेलं आहे. डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या आसपास उतरला की दही काही केल्या लागत नाही. ओट्याच्या वरच्या फळीवरची ती काळी डबी चोवीस तास कोमट असते, हा शोध आमच्या सौं.नी याच हिवाळ्यात लावला. डबी म्हणजे रास्पबेरी पाय ४, चार जीबीवाला, पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. त्याच्यावर ‘गोटूसोशल’ नावाचं, आपलं सोशल मीडिया आपणच घरी चालवायचं सॉफ्टवेअर चालतं आणि त्याच्यावर माझ्या पाट्या. दह्याबद्दल तक्रार नाही. बाकीचं सांगतो.

महालात गांधी गेटपासून पाच मिनिटांवर माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, बिलबुकं. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करतो आणि जाता-येता दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढतो. २०१६पासूनचा नाद आहे. ‘शिलाई मशीन रिपेर करुन भेटेल’, ‘दुकान भाड्याने देने आहे’, असल्या. चुका दाखवायला नाही हो. आपल्याकडे वस्तू ‘मिळत’ नाही, ‘भेटते’, आणि ते पाटीवर आलं की मला बरं वाटतं. फोटोखाली दोन-तीन ओळी लिहायच्या आणि टाकून द्यायचं, एवढाच कार्यक्रम. आठ वर्षांत २९०० पाट्या झाल्या, वाचणारे चार हजारांवर गेले.

मग २०२४ची मारबत आली. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८०च्या दशकापासूनची रीत. सोबत बडगे असतात, म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याचे पुतळे, गळ्यात पाटी अडकवलेले. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा घोष करत मिरवायचं आणि शेवटी जाळायचं. मी एका बडग्याच्या गळ्यातली पाटी टिपली, खाली लिहिलं, ‘संध्याकाळपर्यंत हे जळून जाईल, आत्ताच वाचून घ्या.’ सकाळी उठलो तर खातं बंद. हिंसेची धमकी दिली म्हणे! अपिलाचं बटण होतं, ते दाबलं. इंग्रजीत चार ओळी आल्या, निर्णय अंतिम आहे. कोणती सेवा ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, सगळे एकाच माळेचे मणी.

फोटो बरेचसे हार्ड डिस्कवर होते. गेले ते लोकांचे शब्द. जुन्या शुक्रवारीतल्या एका रंग उडालेल्या पाटीखाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘ही माझ्या बाबांनी रंगवली. ब्रश घेऊन शिडीवर चढायचे, मी खालून शिडी धरायचो.’ ती पाटी आता नाही, तिथं फ्लेक्स आला आहे. ते वाक्य मला पाठ आहे, पण लिहिणाऱ्याचं नाव आठवत नाही. परत विचारायचं तर कुठं विचारू?

तसं पाहिलं तर आपल्याला काही हे नवीन नव्हतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला मिटलं, गुगल प्लस २ एप्रिल २०१९ला, आणि देशी म्हणून २०२०मध्ये वाजतगाजत आलेलं कू जुलै २०२४मध्ये आवरतं घेतलं गेलं. प्रत्येक वेळी आपण गाठोडं उचलून पुढच्या धर्मशाळेत गेलो.

दिवाळीला भाचा आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, “मामा, तुम्ही काहून दुसऱ्याच्या भिंतीवर लिहून राहिले? घरचीच भिंत घ्या ना.”

मला वाटलं मास्टोडॉन टाकणार. नाव ऐकून होतो, ट्विटरसारखंच पण ज्याला त्याला आपापल्या सर्व्हरवर चालवता येणारं, २०१६मध्ये आलेलं, ट्विटर मस्कनं ऑक्टोबर २०२२मध्ये घेतलं तेव्हा लोकांच्या तोंडी आलेलं. तो म्हणाला, “मास्टोडॉन म्हणजे पाचशे पानांच्या पंगतीचा स्वयंपाक. पोस्टग्रेस पाहिजे, रेडिस पाहिजे, साइडकिक पाहिजे. तुमचं एकट्याचं पान आहे मामा, कुकर लावू.” तो कुकर म्हणजे गोटूसोशल. गो भाषेत लिहिलेलं. एकच फाइल चालवायची, फोटो सोडून बाकी सगळा विदा, म्हणजे डेटा, एसक्यूलाइटच्या एका फाइलीत. माझ्याकडे तीनशे एमबीच्या आसपास रॅम खातं. प्रकल्पाचं बोधचिन्ह स्लॉथ आहे, झाडाला लोंबकळून झोपा काढणारा तो प्राणी. उन्हाळ्यातल्या दुपारी दोन वाजताच्या महालाला फार शोभतं.

ही सगळी मंडळी एकमेकांशी बोलतात ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीनं, जी डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं जानेवारी २०१८मध्ये मान्य केली. मी पाटी टाकली की माझी डबी प्रत्येक वाचकाच्या सर्व्हरकडे ती पोचवते. तो सर्व्हर मास्टोडॉनचा असो की आणखी कशाचा. ईमेलसारखंच: पत्ता कोणत्या कंपनीचा आहे यावरून पत्र अडत नाही.

पहिलं भांडण नावावरून झालं. मला ‘.भारत’ पाहिजे होतं. २०१४पासून देवनागरीत डोमेन मिळतं, मराठी माणसानं, तेही अक्षरजुळणीवाल्यानं, ते नाही घ्यायचं तर कोणी घ्यायचं? घेतलं तर काय होईल ते भाच्यानं करून दाखवलं. आतल्या यंत्रणेत ते नाव ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन गचपण होतं, आणि बऱ्याच ॲपांत माझ्या नावापुढं तेच गचपण दिसणार. शिवाय खात्याचं नाव गोटूसोशलमध्ये रोमन छोटी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढ्यातच बसवावं लागतं. वर दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं, पत्ता नाही. वाईट वाटलं. निमूट ‘.इन’ घेतलं.

आणि इथं एक गोष्ट जपून करायची. सेटिंगच्या फाइलीत ‘होस्ट’ म्हणून जे नाव पहिल्यांदा टाकाल ते जन्माचं. बाहेरच्या सर्व्हरांनी एकदा ते ओळखलं की मग बदलता येत नाही, बदललं तर तुम्ही नवीन माणूस. माझं एक अक्षर उलटसुलट झालं होतं, सुरू करायच्या आधी दिसलं. छापून वाटलेल्या पत्रिकेतला मुहूर्त चुकण्याचा प्रकार आहे हा, मी पाहिलाय, मला विचारा.

दुसरा अडसर घरच्या इंटरनेटचा. डबी घरात आहे, पण बाहेरून कोणी तिच्यापर्यंत येणार कसं? आमचा जोडणीवाला एका सार्वजनिक पत्त्यामागं कितीतरी घरं लपवून ठेवतो. महालातल्या जुन्या वाड्यासारखं: दिंडी दरवाजा एक, आत चाळीस बिऱ्हाडं, पोस्टमन दारात उभा. स्वतंत्र पत्ता पाहिजे तर महिन्याला वेगळे पैसे, आणि ग्राहकसेवेतल्या मुलीला मी काय मागतो आहे तेच कळेना. तीन फोन झाल्यावर भाच्यानं क्लाउडफ्लेअर कंपनीचा फुकटातला बोगदा लावून दिला. डबी आतून बाहेर जोडणी करते आणि लोक त्या वाटेनं आत येतात. चालतं छान. पण मनात ठेवा, घर आपलं झालं तरी जिना दुसऱ्याचाच राहिला. ज्यांना हा जिनाही नको, त्यांनी सरळ महिन्याच्या भाड्याचा छोटा सर्व्हर घ्यावा. आता विचाराल तर मीही तेच म्हणेन. डबी घरी ठेवायची हौस मला होती.

वापरायला कसं? गोटूसोशलला लिहायची स्वतःची खिडकी नाही. सेटिंगचं पान आहे, जगाला दिसणारं तुमचं पान आहे, पण लिहायला वेगळं ॲप लागतं. फोनवर मी टस्की वापरतो, दुकानातल्या संगणकावर फॅनपी. दोन्ही फुकट. पहिल्या दिवशी मी अर्धा तास ‘लिहायचं कुठं’ म्हणून शोधत बसलो, हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता मी सांगितलं.

अक्षरांची मुभा मात्र दिलदार आहे, मूळ सेटिंगलाच ५००० चिन्हं. याचं मोल मराठीत लिहिणाऱ्यालाच कळेल. ट्विटरनं २०१७मध्ये १४०चे २८० केले तरी तिथं काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतात. ‘लक्ष्मी’ ही दोन अक्षरं, तिथं सात भरतात. मोजून बघा: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी. लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा देतानाच निम्मी शिल्लक संपायची.

टाकलेलं दुरुस्त करायची सोय मी सुरू केलं तेव्हा नव्हती, नंतरच्या आवृत्तीत आली. दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर पोट भरणाऱ्या माणसाचे ते दोन-तीन महिने कसे गेले असतील ते विचारू नका. आणि आपल्या पानाला आपली सजावट करता येते, आधी सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते. मी फक्त ओळींमधलं अंतर वाढवलं. रोमनच्या मापानं आखलेल्या पानांवर आपल्या वरच्या मात्रा नि खालचे उकार एकमेकांच्या अंगावर पडतात, बसमध्ये उभ्या माणसांसारखे.

लोक? हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर गोड नाही. पहिल्या आठवड्यात पडदा कोरा. कोणी सुचवत नाही, कोणी ढकलत नाही, तुम्ही ज्यांच्यामागं जाल त्यांचंच दिसणार, तेही आलं त्या क्रमानं. चार हजारांचे आज ६१ आहेत. त्यात मराठी वाचणारे नऊ असतील. बाकी पाट्या, अक्षरं, रंगारी यांचा नाद असलेली जगभरची माणसं. जर्मनीतल्या एकानं ‘शिलाई मशीन रिपेर करुन भेटेल’ यंत्राकडून भाषांतरित करून घेतलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे शिवणयंत्र दुरुस्त झाल्यावर गिऱ्हाइकाला भेटायला येतं का? मी त्याला ‘मिळणं’ आणि ‘भेटणं’ यावर बाराशे अक्षरांचं उत्तर लिहिलं. पाच हजारांची मुभा होती ना. त्यानं ते चार जणांना वाचायला दिलं. जुन्या ठिकाणी चार हजारांपैकी कोणी असं काही विचारलं नव्हतं, पण तिथं एका पाटीला दोनशे हृदयं पडायची आणि ती दिवसभर खिशात गुणगुणायची, हेही खोटं नाही. ते चुकतं मला अजून.

फोटोला वर्णन लिहायची या लोकांत सवय आहे, नाही लिहिलं तर कोणी ना कोणी नम्रपणे आठवण करतं. आधी कंटाळा केला. मग एका वाचकानं कळवलं की त्यांना दिसत नाही, फोन त्यांना वाचून दाखवतो, आणि ‘देने’ची ‘देणे’ केल्यामुळं पाटीची गंमत गेली. बरोबरच होतं. वर्णन टाइप करताना हात आपोआप शुद्ध लिहून मोकळा होत होता. आता पाटीवर जसं आहे तसं लिहितो, दातओठ खाऊन.

आता जूनमधली गोष्ट. डबी आधी माळ्यावर होती. आमच्या माळ्यावर टिनाचं छत. मेच्या दुपारी बाहेर पंचेचाळीस, माळ्यावर त्याहून जास्त, आणि डबीच्या आतलं तापमान ऐंशीला टेकलं. ऐंशीला हा संगणक स्वतःच दमानं घेतो, वेग कमी करतो. कूलरपुढं ठेवावी म्हटलं तर ती ओली हवा, गंज चढायचा. शेवटी खाली आणून माठाशेजारी ठेवली, तर सौ. म्हणाल्या, “अहो, माठाला पाझर असते, एवढं तरी कळते का?” मग ओट्याच्या वरची फळी ठरली. ही वणवण संपेपर्यंत पहिला पाऊस आला आणि एका संध्याकाळी वादळात लाईन नऊ वेळा गेली-आली. नवव्यांदा आली तेव्हा डबी उठलीच नाही. मेमरी कार्ड मेलं.

चूक माझी. भाच्यानं जातानाच बजावलं होतं, कार्डावर विदा ठेवू नका. विदाफाइलीत सारखं लिहिलं-पुसलं जातं, ते कार्डाला सोसत नाही, त्यात मध्येच वीज गेली तर बघायलाच नको. त्याऐवजी एसएसडी डिस्क घ्या. मी म्हटलं घेऊ दिवाळीला.

वाचलो ते पेन ड्राइव्हमुळं. दर एकादशीला मी सगळं उतरवून घेतो, तारीख लक्षात राहते म्हणून एकादशी. ती अकरा दिवसांपूर्वी होऊन गेली होती. म्हणजे अकरा पाट्या गेल्या. पण त्या फाइलीत पाट्यांपेक्षा मोठी एक गोष्ट असते, ती कोणी नीट सांगत नाही: तुमच्या खात्याची किल्ली. तुमची डबी प्रत्येक पाटीवर त्या किल्लीनं सही करून पाठवते. फाइल गेली आणि तुम्ही त्याच नावानं नवी मांडणी केली, तर बाहेरचे सर्व्हर जुनी सही धरून बसलेले, नवीनवर त्यांचा भरवसा बसायला कटकटी होतात. नाव तेच, माणूस तोच, पण तोतया ठरायची पाळी. माझी किल्ली पेन ड्राइव्हवर होती. बर्डीच्या बाजारात जाऊन एसएसडी आणली, भाच्यानं व्हिडिओ कॉलवर दोन तास मला कमांडा सांगितल्या, रात्री साडेअकराला डबी उठली. अकरा पाट्या फोनमधून परत टाकल्या. त्यांच्याखालचे लोकांचे शब्द मात्र माझ्या फाइलीतून गेले ते गेलेच. तेव्हापासून रोज रात्री अडीचला डबी स्वतःच नक्कल काढून दुकानातल्या संगणकावर पाठवते. एकादशीचं पेन ड्राइव्ह चालूच आहे.

खर्च सांगून टाकतो. डबी भाच्याच्या मित्राकडून जुनी घेतली, ३५००. एसएसडी १२००. मेलेलं कार्ड साडेतीनशे. जूननंतर सुचलेलं शहाणपण म्हणून पाच व्होल्टची छोटी यूपीएस १५००. डोमेनचं वर्षाला सातशे-साडेसातशे. चार वॅटच्या आसपास ओढते, म्हणजे महिन्याला तीन युनिट, बिलात दिसतसुद्धा नाही. पैशाचा प्रश्न नाहीच. प्रश्न वेळेचा आहे. माझ्या महिन्याच्या दोन संध्याकाळी हिच्यात जातात. आता तुम्हीच मालक, तुम्हीच चौकीदार. दुसऱ्या सर्व्हरवरून कोणी घाण टाकली तर तो सर्व्हर तुम्हीच बंद करायचा, तक्रार ऐकायला वर कोणी नाही. दुसऱ्यांचे फोटो डबीत साठत जातात, मूळ सेटिंगला सात दिवसांनी पुसले जातात. मी ते दोन दिवसांवर आणलं, जागा तुंबेना.

कोणी घ्यावं? राजेहो, गर्दी पाहिजे असेल, गिऱ्हाईक पाहिजे असेल, तर नका घेऊ. माझ्या पत्रिकांच्या दुकानाची जाहिरात मी अजूनही व्हॉट्सॲपवरच करतो. नुसतं एकदा चाखून बघायचं असेल तर एखाद्या चांगल्या मास्टोडॉन सर्व्हरवर खातं उघडा, फुकट आहे. तिथून उद्या बिऱ्हाड हलवलं तर तुमचे वाचक सोबत येतात, लिहिलेलं मात्र जुन्याच घरी राहतं, हे माहीत असू द्या. मला नेमकं तेच नको होतं. यंत्राच्या नादी न लागता स्वतःच्या नावावर लिहायचं असेल तर मायक्रो-डॉट-ब्लॉग आहे, महिन्याला पाच डॉलर, त्यात तुमचं डोमेन लावता येतं. माझ्या बहिणीला मी तेच सांगितलं. आठ-दहा वर्षं एकच गोष्ट चिकाटीनं लिहीत, टिपत आलेला माणूस असाल, पक्षी, पाऊस, पाट्या, काहीही, आणि घरात एक तरी पोट्टा कमांड लाईन जाणणारा असेल, तर गोटूसोशल घ्या. साधं आहे, खादाड नाही. अजून स्वतःला बीटा, म्हणजे चाचणीतलं, म्हणवतं, पण माझ्याकडे सॉफ्टवेअरनं दगा दिला नाही. जे बिघडलं ते मी, कार्डानं किंवा विजेनं.

ऑगस्टमध्ये यंदाची मारबत झाली. बडग्याच्या पाटीचा फोटो टाकला, खाली मागचंच वाक्य लिहिलं, ‘संध्याकाळपर्यंत हे जळून जाईल.’ कोणी काही म्हणालं नाही. एका बाईंनी खाली लिहिलं की त्यांच्या आजोबांच्या काळी बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या घरोघरच्या जुन्या पाटीवर खडूनं लिहायचे. ती ओळ माझ्या फाइलीत आहे, दुकानातल्या संगणकावर आहे, पेन ड्राइव्हवर आहे. लिहिणाऱ्या बाईंच्या नावासकट.

आता गोटूसोशलची नवी आवृत्ती आली आहे. भाचा पुण्याला नोकरीला लागला, फोन उचलतो पण घाईत असतो. त्यानं क्रम सांगितला तो मी एका रद्द झालेल्या लग्नपत्रिकेच्या मागं लिहून फळीला चिकटवला आहे: नक्कल काढा, थांबवा, जुनी फाइल बदला, सोबतचं वेबचं फोल्डर बदला, सुरू करा, आणि विदाफाइलीची मांडणी बदलत असताना काही झालं तरी बंद करू नका. रविवारी दुपारी करीन म्हणतो, यूपीएस पूर्ण चार्ज करून. विरजण त्या दिवशी शेजारी लावावं लागेल.